सरदाराचा पायगुण

मी जात्याच भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून पराक्रमाची अपेक्षा ठेवणार नाही. कोल्हापुरात वाढलो, पण रंकाळ्यात कधी गुडघ्याच्या वर उतरलो नाही. नोकरीने कॅनडात, हॅलिफॅक्सला आणून टाकलं. तिथे खाडीच्या पलीकडे जायला छान फेरीबोट आहे, सगळं ऑफिस तिने जातं, आणि मी पुलावरून वळसा घालणारी बस धरतो. अशा माणसाने व्हायकिंग दर्यावर्दींचा मुक्काम बघायला न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकापर्यंत जावं, याला कारण एकच होतं. ते म्हणजे दादा.

दादा माझा थोरला भाऊ. वडील लवकर गेले तेव्हा मी शाळेत होतो आणि तो एका फाउंड्रीत साचे भरत होता. पुढे शिरोलीला त्याने स्वतःची फाउंड्री टाकली, बहिणींची लग्नं केली, मला इंजिनियर केलं. आता सत्तरीकडे झुकलाय, साखरेचा त्रास आहे, पण आवाज अजून भट्टीवरचाच. आमच्या घरात दादा एकदा बोलला की विषय संपतो. यंदा तो आणि वहिनी उन्हाळ्यात आमच्याकडे आले. नायगारा बघू म्हटलं, तर तो म्हणाला, "पाणी पडताना काय बघायचंय? त्या व्हायकिंग लोकांनी इथं हजार वर्षांपूर्वी लोखंड गाळलं म्हणे. ती भट्टी बघू."

माझी बायको मेधा हसली. मी हसलो नाही, कारण न्यूफाउंडलंड हे बेट आहे आणि बेटावर समुद्र ओलांडूनच जावं लागतं.

पोर्ट ओ बास्क

जहाज एवढं मोठं होतं की त्यात ट्रक उभे होते, रेस्टॉरंट होतं, लहान मुलांना खेळायला जागा होती. तरी जिना चढताना पायाखालची जमीन जराशी सरकली आणि मी कठडा धरून तिथेच थांबलो. वहिनीने पिशवीतून आवळासुपारी काढून दिली. दादा डेकवर हात मागे बांधून उभा होता, जहाज त्याच्याच मालकीचं असल्यासारखा. त्याला तसं उभं बघितलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. लहानपणी पंचगंगेला पूर आला की दादा दारात असा उभा राहायचा, आणि पाणी आमच्या गल्लीपर्यंत येणार नाही अशी माझी खात्री व्हायची. ते एकदा आलंही होतं, पण खात्री काही गेली नाही.

सकाळी पोर्ट ओ बास्कच्या बंदरात उतरलो तेव्हा धुकं होतं. बंदराबाहेर पडताच रस्त्यावर पिवळी पाटी, तिच्यावर मूसचं चित्र. मूस म्हणजे घोड्याहून उंच, काड्यांसारख्या पायांचं हरिण. गाडीने धडक दिली की त्याचे पाय मोडतात आणि धड सरळ काचेतून आत येतं. हे मला मेधाने आधीच वाचून दाखवलं होतं, का ते तिलाच माहीत. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. "अहो, मागचे लोक हॉर्न देतायत," मेधा म्हणाली. देऊ देत म्हटलं.

उत्तरेचा रस्ता

पुढचे दोन दिवस डाव्या हाताला समुद्र आणि उजव्या हाताला वाऱ्याने एकाच दिशेला वाकवलेली खुरटी झाडं. गावं म्हणजे दहा-वीस लाकडी घरं, एक चर्च, एक पेट्रोलपंप. नवल म्हणजे लोकांच्या बटाट्याच्या बागा आणि सरपणाचे ढीग घरापासून लांब, हायवेच्या कडेला. ना राखण ना कुलूप. दादाने गाडी थांबवायला लावली, एका ढिगाभोवती फेरी मारली आणि म्हणाला, "आमच्याकडं हे चार दिवस टिकलं असतं तर मी कारखाना विकला असता."

एका ठिकाणी समुद्रात पांढरं देऊळ दिसलं. जवळ गेलो तर हिमनग. ग्रीनलंडहून वाहत आलेला, उन्हात निळसर, आणि अधूनमधून त्याच्यातून काच तडकल्यासारखा आवाज यायचा. सगळे फोटो काढत होते. मला वाटत होतं, एवढी मोठी वस्तू समुद्रात सुटी फिरतेय आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही, हे काही बरोबर नाही.

आम्ही उतरलो ते ब्रेंडाकडे. ब्रेंडा शाळेत भूगोल शिकवायची. आता निवृत्त होऊन घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देते आणि मागच्या खाडीत तिने व्हायकिंग पद्धतीची एक लाकडी होडी ठेवलीय, तिच्यातून लोकांना फिरवून आणते. उंच, पांढरे केस, दिसेल त्याला "माय लव्ह" म्हणणारी. दादालाही म्हणाली. वहिनीने पदर तोंडाला लावला.

लान्स ओ मेडोज

व्हायकिंगांच्या मुक्कामाचं ते ठिकाण पाहिलं आणि प्रथम मनात आलं ते हेच, की एवढंच? हिरवट माळ, एक ओढा, काही उंचवटे, आणि शेजारी पुन्हा बांधून दाखवलेली गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांची घरं. हे लोक ग्रीनलंडहून आले, इथे काही वर्षं राहिले, होड्या दुरुस्त केल्या आणि परत गेले. भट्टीची जागा ओढ्याच्या काठी, घरांपासून दूर. दलदलीतल्या मातीतून त्यांनी लोखंड काढलं आणि त्याचे होडीचे खिळे केले. दादा तिथे गुडघ्यावर बसला. लोखंड गाळल्यावर उरलेल्या मळीचा नमुना काचेत ठेवलेला होता, तो त्याने बराच वेळ पाहिला.

"निम्मं लोखंड मळीतच गेलंय," तो म्हणाला. "हवा कमी पडली. पण माणूस जिद्दीचा होता."

घराच्या आत अंधार होता. मधोमध विस्तव, दोन्ही बाजूंना झोपायचे ओटे, आणि धुराचा वास. बाहेर वारा सतत भिंतीला धडका देत होता. त्या ओट्यावर टेकलो आणि मला एकदम त्या माणसांची भीती कळली. मागे समुद्र, पुढे अनोळखी जंगल, घरी परतायला फक्त ती होडी आणि तिचा सरदार. तो चुकला की संपलं.

त्या संध्याकाळी जेवताना हाच विषय निघाला. आमच्यासाठी ब्रेंडाने वाटाण्याचं सूप केलं होतं. दादाने विचारलं आणि मी इंग्रजी करून सांगितलं, की या सरदारांकडे सत्ता आली कुठून? तलवारीतून की जहाजातून?

"लोखंडातून," दादाने स्वतःच उत्तर दिलं. "ज्याच्याकडं खिळे, त्याच्याकडं होडी. ज्याच्याकडं होडी, त्याच्याकडं माणसं."

ब्रेंडाने मान हलवली. "होडी पुष्कळांकडे असायची. सरदाराचे लोक काही पगारी शिपाई नव्हते, ते शेतकरी होते. नाही पटलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या होडीत जाऊन बसायचे. म्हणून तो त्यांना जेवायला घालायचा, कडी-अंगठ्या वाटायचा, लूट वाटून द्यायचा. पण खरी गोष्ट वेगळी. त्यांचा विश्वास असायचा की सरदाराला नशीब असतं आणि ते होडीतल्या सगळ्यांना लागतं. तो निघाला की वारा हवा तसा फिरतो. दोन सफरी वाईट गेल्या की लोक म्हणायचे, याचं नशीब संपलं. मग घर तेच, तलवार तीच, पण त्याच्या होडीत वल्ही मारायला कुणी नाही."

मी हे मराठीत सांगितलं. वहिनी म्हणाली, "म्हणजे पायगुण."

दादा खूश झाला. त्याला वाटलं विषय त्याच्याबद्दल चाललाय, आणि एका परीने तो तसा होताच. फाउंड्रीत नवीन साचा ओतायचा असला की अजूनही कामगार म्हणतात, साहेब येऊन उभे राहू देत. मीही तसाच. इतकी वर्षं कॅनडात आहे, पण घर घेताना आधी फोटो दादाला पाठवले होते.

ब्रेंडाची होडी

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. दादाची संकष्टी कडक, चंद्र दिसेपर्यंत चहाशिवाय काही नाही. आता इथे उत्तरेत, उन्हाळ्यात, त्या दिवसाचा चंद्र उगवतो मध्यरात्रीनंतर. मेधाने मोबाइलवर बघून सांगितलं आणि म्हणाली, "दादा, कोल्हापूरचा चंद्र इथल्या दुपारी दोनच्या सुमारास उगवतो. तो धरा ना."

"ज्या मातीवर उभा आहे तिथला चंद्र," दादा म्हणाला.

ब्रेंडाने टाउटन तळले होते. पावाच्या कणकेच्या जाड पुऱ्या म्हणा, वर काकवी. हो, काकवीच, आपल्या गुऱ्हाळातल्यासारखी काळी, दाट. दादाचा जीव काकवीवर. तो बघत राहिला आणि चहा पीत राहिला. मग वहिनीने त्याची साखरेची गोळी पुढे ठेवली आणि त्याने ती पाण्याबरोबर गिळली.

"उपाशीपोटी?" मेधा हळूच म्हणाली.

"औषधानं उपास मोडत नाही," दादा म्हणाला, आणि विषय संपला. मला ते चूक आहे हे माहीत होतं. ती गोळी साखर खाली ओढते, मग खाणं असो वा नसो. पण घरात कुणीच कधी दादाला दादाच्या तब्येतीबद्दल सांगितलेलं नाही. आम्ही नजरा खाली घातल्या आणि खात राहिलो.

दुपारी होडीवर गेलो. लांबट, दोन्ही टोकं वर वळलेली, फळ्या एकीवर एक चढवून खिळ्यांनी ठोकलेल्या. तीन बाकं. एकेका बाकावर एकाने बसून दोन्ही हातांनी दोन वल्ही ओढायची. मागच्या टोकाला उभी राहून ब्रेंडा सुकाणू धरणार, पुढच्या टोकाला वहिनी नुसती बसणार. सगळ्यांनी लाइफ जॅकेटं घातली. मी माझ्या जॅकेटाचे पट्टे पुन्हा पुन्हा तपासले. वल्हवणाऱ्याची पाठ जाण्याच्या दिशेला असते हे मला तेव्हाच कळलं. म्हणजे आपण कुठे चाललोय ते फक्त सुकाणूवाल्याला दिसतं, आपल्याला नाही.

निघायच्या आधी ब्रेंडा म्हणाली, "या होडीचा एक नियम आहे. प्रत्येकाने आपल्या तोंडाने सांगायचं, मला काय होतं. हृदय, साखर, पाठ, भीती, काहीही. मला माझी माणसं माहीत पाहिजेत."

मी माझी भीती सांगायला तोंड उघडलं होतं. त्याआधी दादाने हात वर केला. "ऑल फोर, फिट," तो म्हणाला. "नो प्रॉब्लेम."

ब्रेंडाने माझ्याकडे पाहिलं. मेधाने मला कोपराने ढोसलं. मागून वहिनीच्या बांगड्या वाजल्या. परक्या बाईसमोर दादाला खोटं पाडायचं? मी मान डोलावली. ब्रेंडा म्हणाली, "ठीक," आणि दोर सोडला.

दादा ब्रेंडाच्या समोरच्या बाकावर, त्याच्यामागे मी, माझ्यामागे मेधा. म्हणजे मला दिसत होती ती फक्त दादाची पाठ. सुरुवातीला खरंच सुंदर होतं. पाणी काळं, स्थिर. लांब दोन हिमनग. दादा वल्हं असं ओढत होता की आम्हाला त्याची लय धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भीती जरा मागे सरली आणि मी चक्क एक दीर्घ श्वास घेतला.

खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा धुकं आलं. इथलं धुकं उतरत नाही, ते समुद्रावरून भिंतीसारखं चालत येतं. आधी हिमनग गेले, मग किनारा, मग पाण्याचाही रंग गेला. ब्रेंडाने खिशातून होकायंत्र काढलं, रेडिओवर दोन वाक्यं बोलली. "घाबरू नका," ती म्हणाली. "वळतोय आपण. पण हळू. बर्फाचे तुकडे आहेत, आणि डाव्या हाताला खडक. मी सांगेन तसंच ओढा." कुठूनतरी तो काच तडकल्याचा आवाज आला. दिशा कळेना. माझं वल्हं पाण्यावरच सटकलं.

"दादा," मी म्हणालो. कशासाठी ते माहीत नाही. लहानपणी अंधारात म्हणायचो तसं.

तेव्हा मला त्याची मान दिसली. आम्ही थंडीने गारठलो होतो आणि दादाच्या मानेवरून घामाच्या धारा चालल्या होत्या. त्याचं उजवं वल्हं चालत होतं, डावं नुसतंच लोंबत होतं. होडी आपोआप वळायला लागली, आणि ब्रेंडाने सुकाणू जोरात दाबलं.

"शिवाप्पा," दादा मोठ्याने म्हणाला, "हवा सोड. मेटल थंड होतंय."

शिवाप्पा त्याच्या भट्टीवरचा जुना कामगार. वारून बरीच वर्षं झाली.

"हा काय म्हणतोय?" ब्रेंडाने विचारलं.

मी सांगायच्या आत दादा उभा राहिला. त्या अरुंद होडीत, धुक्यात, दोन्ही वल्ही सोडून उभा राहिला आणि हात वर करून हुकूम द्यायला लागला. "ओता. ओता म्हणतो ना." होडी एका बाजूला कलली, पाण्याचा गार हबका माझ्या मांडीवर आला. वहिनी किंचाळली. उजवं वल्हं पाण्यात पडून वाहत गेलं.

"त्याला खाली बसव," ब्रेंडा म्हणाली. आवाज चढवला नाही, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता. "माझं तो ऐकत नाही. तू सांग. आत्ता."

मी कधी दादाला बस म्हटलेलं नाही. दादा बसतो तेव्हा आपण उभे राहतो. हे डोक्यात येऊन गेलं, त्या पाण्यात, त्या क्षणी, आणि त्याची मला आजही लाज नाही तर भीती वाटते. होडी दुसऱ्या बाजूला कलली. मी त्याच्या जॅकेटाचा पट्टा मागून दोन्ही हातांनी धरला.

"दादा, खाली बस."

"कोण रे तू," तो म्हणाला. मागे वळूनही बघितलं नाही.

मी ओढला. जेवढा जोर होता तेवढा लावून ओढला. तो बाकावर आपटला, मी त्याच्यावर, आणि होडी डोलून डोलून अखेर सावरली. त्याचे दात वाजत होते. डोळे माझ्याकडे होते, पण त्यांत ओळख नव्हती.

"शुगर लो झालीय," मेधा मागून ओरडली. "ब्रेंडा, ही इज डायबेटिक. समथिंग स्वीट, प्लीज."

ब्रेंडाने पायाखालची पिशवी माझ्याकडे सरकवली. गोड चहाचा थर्मास आणि काकवी लावलेला पाव. मी पाव त्याच्या तोंडाशी नेला तर त्याने ओठ घट्ट मिटले. "चंद्र," तो म्हणाला. "चंद्र कुठाय?"

"कोल्हापूरचा उगवला, अहो," वहिनी रडत म्हणाली. "कधीच उगवला. खावा आता."

तो मान हलवत राहिला. मग मी पावावरची काकवी बोटाने निपटली आणि माझ्या तोंडून असा आवाज निघाला की मीच दचकलो. "दादा. तोंड उघड."

त्याने उघडलं. मी काकवी त्याच्या हिरड्यांना चोळली, पुन्हा चोळली, मग चहाचे घोट पाजले. निम्मा चहा जॅकेटावर सांडला. ब्रेंडाने मला सांगितलं, "आता त्याला मेधा धरेल, तू वल्हव." मेधा पुढे सरकली. मी माझ्या बाकावर परतून माझी दोन्ही वल्ही घेतली. पाठ धुक्याकडे, तोंड ब्रेंडाकडे. ती उजवं म्हणाली की उजवं, थांब म्हणाली की थांब. एकदा होडीच्या तळाला काहीतरी खरखरलं आणि मी वल्ही वर उचलून धरली. बर्फ होता, निघून गेला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. हातांच्या कातड्याचं काय झालं ते नंतर कळलं.

हळूहळू दादाच्या डोळ्यांत माणूस परत आला. त्याने आधी स्वतःच्या ओल्या जॅकेटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

किनाऱ्यावर

जेट्टीवर ब्रेंडाने बोलावलेले दोन शेजारी उभे होते. त्यांनी दादाला वर घेतलं. तिथून थेट हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरांनी ग्लुकोज लावलं, बरेच तास ठेवून घेतलं, आणि या गोळीवर पुन्हा असा उपास करायचा नाही म्हणून बजावलं. दादा छताकडे बघत ऐकत होता.

बाहेर बाकावर ब्रेंडा माझ्याशेजारी येऊन बसली. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"तो मोठा आहे," मी म्हणालो. इंग्रजीत ते फारच पोकळ वाटलं. ती रागावली नाही. म्हणाली, "वल्हं तुझं चांगलं चाललं," आणि गाडी आणायला उठली.

घरी आलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता आणि धुकं साफ गेलं होतं. हिमनग जागच्या जागी, गुलाबी झालेले. वहिनीने ब्रेंडाच्या स्वयंपाकघरात मऊ भात आणि मुगाचं वरण केलं. चौघं टेबलाशी बसलो. दादाच्या पुढे ताट आलं, त्यावर तूप वाढलं, वाफ येत होती. आम्ही नेहमीसारखे थांबलो. त्याने पहिला घास घेतला की आम्ही घ्यायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता.

दादा ताटाला हात लावेना. त्याने वहिनीकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर चंद्र शोधला नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "जेवू का रे?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. मेधाही. समुद्रावर होतो तेव्हा भीती होती, पण तेव्हा कुणीतरी मोठं माणूस होडीत होतं, वेडंवाकडं का होईना. आता नव्हतं. मला म्हणावंसं वाटलं, असं मला विचारू नकोस, तू सांग, आम्ही ऐकतो.

"जेव," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली आणि मुकाट्याने जेवायला लागला. मला घास काही केल्या उचलवेना.